नाशपातीचे भाऊबंद

"नऊशे पेट्या नाशपाती, मावशी! नुसता चिखल झालाय!" फळांच्या शीतगोदामाचे मालक खुर्चीत टेकायच्या आधीच ओरडले. "गोदामकाकांनी दार उघडं टाकून सूड उगवला. नव्या मांडणीवरून माझ्या मुलीशी वाजलं होतं त्यांचं. सगळ्यांसमोर हाकललं मी. आता तेवढा पुरावा काढून द्या."

आधी शिक्षा, मग पुरावा! खासगी तपास करणाऱ्या मावशींनी चष्मा चढवला आणि भाच्याला हाक मारली. भाचा चाळिशीचा, पोट सुटलेला. स्वतःला उजवा हात म्हणवायचा.

गोदामाच्या तिन्ही खोल्यांवर नव्याकोऱ्या पाट्या होत्या: बियांच्या गाभ्याचं कुळ, कोयीचं कुळ, लिंबाचं कुळ. पहिल्या खोलीत शिरताच सफरचंदांचा घमघमाट आला. त्यांना खेटून ठेवलेल्या नाशपातीत बोट सहज रुतलं. दाराजवळच्या मात्र टणक होत्या.

"मधे कधी खोली तापली होती?" मावशींनी गारव्याचं मशीन सांभाळणाऱ्या मशीनवाल्याला विचारलं.

"छे हो! तापमानाच्या तक्त्यावरची रेघ बघा, दहा दिवस सरळ. मला कुणी विचारलंच नाही."

"पाट्या मी लावल्या," मालकांची मुलगी म्हणाली. फळशास्त्र शिकून नुकतीच परतली होती. "सफरचंद, नाशपाती एकाच कुळातली. काकांनी दोघांच्या मधल्या खोलीत लिंबं घुसवली होती. कशाला कशाचा पत्ता नाही! आणि काकांचं गोदामाचं रजिस्टर बघून उपयोग नाही. त्यांनी पान फाडलंय."

रजिस्टर मालकांच्या कपाटात होतं. काकांना काढलं त्याच दिवशी मालकांनी ते कुलपात टाकलं होतं, चाळलंसुद्धा नव्हतं. मावशींनी उघडलं, तर खरंच एक पान फाटलेलं.

गोदामकाका घरी सापडले. तीस वर्षांची नोकरी, आणि आता घातपाती म्हणून बाजारात कुणी दारात उभं करीना.

"मला काही सांगायचं नाही," एवढंच ते म्हणाले. मावशींनी त्यांना बळेच सोबत आणलं.

मालकांच्या खोलीत सगळे जमले.

"दार उघडं राहिलं असतं, तर रेघ वर गेली असती आणि दाराजवळची फळं आधी गेली असती," मावशी म्हणाल्या. "गेली ती सफरचंदांजवळची. पिकणारं सफरचंद एक वायू सोडतं. तो लागला की नाशपातीही भराभर पिकते. लिंबू एकदा तोडलं की पिकायचं थांबतं, म्हणून काका ते मधे ठेवत."

"म्हणजे कुळ एक, पण शेजार नको," भाचा खूश झाला. "आमच्या चुलत्यांसारखं!"

"गप रे. आता सांगा, कुलपातल्या रजिस्टरचं पान फाटलंय, हे कुणाला ठाऊक होतं?"

मुलीचा चेहरा पडला.

"काकांनी लिहिलं होतं, ही दोन फळं वेगळी ठेवा म्हणून. मी हसले होते त्यांना. नासाडी दिसली आणि इतकी लाज वाटली, की पानच फाडलं. बाबांनी काकांना हाकललं, तेव्हा मी शेजारीच उभी होते."

मालकांना वर बघवेना. "काका, बोलला का नाहीत?"

काकांनी मुलीकडे पाहिलं. "मला वाटलं, तू सांगशील."

ती उठली. अंगणात जाऊन तिनं हमालांपासून मशीनवाल्यापर्यंत सगळ्यांना गोळा केलं. पहिल्यांदा ती खाली बघून नुसती पुटपुटली. मागून कुणीतरी "ऐकू येत नाही" म्हणालं, तेव्हा तिनं सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.