मिखाएलची गुरुवारची झोप

शुक्रवारी दुपारी मिखाएलची बायको डिना आयझॅक झिराडकरांच्या दारात आली आणि चौकटीलाच टेकली.

"अंकल, मिखाएल आज परत बारापर्यंत उठला नाही. हा तिसरा शुक्रवार. त्याला चोरून गोळ्या मीच देते, असं डॉक्टरला वाटतंय. पुन्हा झालं तर त्याला उत्तरेला वेड्यांच्या हॉस्पिटलात पाठवीन म्हणतो."

मुंबई पोलिसांत वीस वर्षं काढलेले झिराडकर आता इस्रायलच्या वाळवंटात, मित्स्पे रामोनला खासगी तपास करत. १९६३ साली त्या उजाड गावात तपासायला होतं काय? हरवलेल्या शेळ्या! भाचा अमोस बस चालवी आणि सुट्टीला मामांच्या मागे फिरे. त्याचं डोकंही ठरल्या रस्त्यानेच चाले.

खाणीत पाठ दुखावल्यापासून मिखाएलला झोपेच्या गोळ्यांचं व्यसन लागलं होतं. एकदम तोडल्या तर झटके येतात, म्हणून डॉक्टर दर आठवड्याला अर्धी गोळी कमी करत होता. गोळ्यांच्या कपाटाची किल्ली डिनाच्या गळ्यात होती.

"रेगा, जरा थांबा मामा! शेजारचा रूबी दर गुरुवारी पत्ते खेळायला येतो. तोच!" अमोस म्हणाला.

रूबी उखडला. "मी गोळ्या देणार? मलाच झोप नाही. भिंतीपलीकडे मिखाएलची आई पहाटेपर्यंत घोरते."

दवाखान्यातल्या नर्स झिवाने हिब्रूत सांगितलं, "त्या घरात डिना गोळ्या नेते, आणि तिची म्हातारी सासू सॅली स्वतःसाठी. तिच्या डोळ्याला डोळा लागत नाही म्हणे."

मिखाएल खाटेवर बसला होता. "शपथ घेतो अंकल, जास्तीची गोळी घेतली नाही. गुरुवारी आईने केलेला एलियाहू हनाबीच्या नवसाचा मलिदा खातो आणि झोपतो. हल्ली कडू लागतो. बदाम खवट असतील."

"माझा मलिदा कडू?" सॅलीबाई दुखावल्या. "पोरगा बरा व्हावा म्हणून करते. त्याची वाटी वेगळी, बिनबदामाची. त्याला सोसत नाहीत, म्हणून हल्ली मीच टाकत नाही."

झिराडकर खाली बसले. त्यांना पुढचं बोलायचं नव्हतं.

"बदाम नाहीत, तर कडू काय लागलं? रात्रभर घोरणाऱ्या बाईला झोपेच्या गोळ्या कशाला? आणि वाटी वेगळी कोण काढतं?"

"पण मलिद्यात?" अमोस पुटपुटला.

"म्हणून तर गोळ्या शोधायला डॉक्टरने उशा उसवल्या, अन् वाटी कुणी पाहिली नाही. हनाबीच्या नावाचं अन्न आपल्यात कोण तपासणार?"

सॅलीबाई रडल्या नाहीत. "आठवडाभर पोर तडफडतं. घामाने गादी भिजते. डॉक्टर म्हणतो, सोसू दे. त्याला काय जातंय? म्हटलं, आठवड्यातून एक रात्र तरी माझं लेकरू निजू दे."

"आई, यानेच तो मरेल गं," डिना म्हणाली.

झिराडकरांना चोर सापडला की बरं वाटे. आज त्यांना मान वर करवेना. या बाईला कुठल्या कलमाखाली धरायचं?

मिखाएल उठून आईजवळ गेला. तो चिडेल म्हणून अमोस मध्ये पडायला सरसावला.

मिखाएलने आईचे दोन्ही हात धरले आणि हळूच विचारलं,

"आई, उरलेल्या गोळ्या कुठे ठेवल्यास?"