अक्षताची डावी बाजू

त्याचा चहा सांडला तो माझ्यामुळेच.

दादरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून मला बसवलं होतं. नाव पुकारल्यासारखं वाटलं, म्हणून घाईने उठले आणि डावीकडून येणाऱ्या माणसावर आदळले.

"डोळे आहेत की बटणं?" तो ओरडला. मग भोवती पट्ट्या लावून बसलेली माणसं बघून त्यालाच कसंतरी झालं. "म्हणजे... सॉरी हां. चहा गरम होता ना..."

"डोळेच आहेत," मी म्हटलं. "दुरुस्तीला आणलेत."

तो मोकळा हसला. चेहरा धूसर होता, पण हसणं स्पष्ट ऐकू आलं. त्याची आई, चंपामावशी, मोतीबिंदू दाखवायला आली होती. "बस गो बाय," म्हणत तिने मला जागा करून दिली. तो दीपेश. वरळी कोळीवाड्याचा, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. मी अक्षता. लालबागच्या चाळीतली, परळच्या शाळेत गणित शिकवणारी.

मावशीचं ऑपरेशन झालं, तपासण्या संपल्या, तरी माझ्या तारखेला दीपेश हजर.

"आज कोणाचे डोळे दाखवायला आलास?"

"दाखवायला नाही... बघायला."

असं काही बोलला की मी उगाचच पर्समध्ये काहीतरी शोधायचे.

शिवाजी पार्कला चालताना तो न सांगता माझ्या डाव्या हाताला असायचा. खांब आला की कोपराला नुसतं एक बोट लावायचा. कधी ओढलं नाही. त्या बोटाची मला सवय व्हायला लागली — आणि मी घाबरले.

एका संध्याकाळी कट्ट्यावर बसून सगळं सांगून टाकलं. "पप्पांनाही हाच आजार आहे, डोळ्याच्या पडद्याचा. कडेची नजर कमी होत जाते; माझी डावीकडून सुरुवात झालीय. चाळिशीत त्यांना नोकरी सोडावी लागली. आता माझ्या पडद्याच्या मध्यभागी सूज आलीय. मुलांच्या वहीतले चौकोन वाकडे दिसतात रे मला. गोळ्या झाल्या, थेंब झाले. आता लेसर. त्याने सूज उतरली तर उतरेल. आजार जाणार नाही. आणि... उद्या मला मुलं झाली, तर त्यांनाही होऊ शकतो."

तो बोटावरचा ऑइलचा डाग घासत बसला.

"तू येऊ नकोस आता," मी म्हटलं.

आणि तो खरंच आला नाही. वीस दिवस! मीच सांगितलं होतं, तरी फोन वाजला की धडपडत उचलायचे.

लेसरच्या दिवशी पप्पा सोबत आले. डोळा बधिर करून त्यावर भिंग टेकवलं. "समोर बघा, हलू नका." हिरवे लखलखाट, पाठोपाठ. काही मिनिटांत संपलंही. बाहेर आले तर बाकावर पप्पांशेजारी — दीपेश.

"तीन रविवार घरी येतोय हा, तू शिकवणी घ्यायला गेलीस की," पप्पा म्हणाले. "रस्ता कसा ओलांडता, चिडचिड होते का, तुझ्या आईने कसं निभावलं... काय काय विचारतो!" आणि काठी टेकत ते पाणी प्यायला निघून गेले.

"मला फोन का नाही केलास?"

"काय बोलणार होतो? घाबरलो होतो. अजून घाबरतो," दीपेश म्हणाला. "काही होणार नाही, असं खोटं बोलायला जमत नाही मला. मुलांचं डॉक्टरांना विचारू, दोघं मिळून ठरवू. पण तू नसशील, याची भीती त्याहून मोठी निघाली, अक्षता."

"आणि घरी? आम्ही बौद्ध, तुम्ही कोळी..."

"आईला सांगितलं. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणते, पोरीला पापलेट आवडतं का विचार."

मला हसूही आलं आणि रडूही.

"उत्तर आज नको," तो घाईघाईने म्हणाला. "आधी डोळा बरा होऊ दे."

तीन महिन्यांनी तपासणीत सूज बरीच उतरलेली दिसली. तक्त्यावरच्या आणखी दोन ओळी मी वाचल्या. चौकोन पूर्ण सरळ झाले नव्हते, पण मुलांची अक्षरं लागत होती. हे किती दिवस टिकेल, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोळीवाड्यात गेले. तो धक्क्यावर, हात ऑइलने काळे.

"उन्हात ये जरा. अजून जवळ..."

तो आला. भुवईवरची जुनी खूण, रापलेलं नाक, खालच्या ओठाला पडलेली चीर — सगळं मी सावकाश बघत राहिले. त्याचे कान लाल झाले.

"काय बघतेस एवढं?"

"'हो' कोणाला म्हणतेय ते."