तिसऱ्यांदा तुंबलेला फ्रिज

तीस वर्षांचा घोडा, आणि फ्रिजचं दार उघडून दहा-दहा मिनिटं आत बघत उभा राहायचा. थंडावा वाया जातोय, मीटर पळतंय, याला पत्ता नाही. आई खेकसली की म्हणायचा, पाणी साचलंय का बघतोय. आईला हे पटत नव्हतं. शिलाई मशीनवर बसला की जेवायची शुद्ध नसणारा तिचा धाकटा, त्याला एकाएकी फ्रिजचा एवढा कळवळा कुठून आला?

हे खूळ शिरलं महिन्यापूर्वी. भाजीच्या खणाखाली पाणी साचू लागलं होतं, काकड्या होड्यांसारख्या तरंगत होत्या. दुरुस्तीच्या दुकानात फोन केला आणि मेकॅनिक आली. हो, आलीच. अंगात राखाडी कोट, खांद्याला जड पिशवी, केस वर घट्ट बांधलेले. आईनं उंबऱ्यातच विचारलं, दुकानात पुरुषमाणूस कोणी नव्हतं का?

"होते ना, काकू. पण तुम्हाला फ्रिज दुरुस्त करून हवाय ना?"

धाकटा फिस्सकन हसला. आईच्या कपाळाला आठी पडली. पण ती मुलगी कामाला लागली आणि ती आठी कधी उतरली, आईचं आईलाच कळलं नाही. पोरीनं आधी प्लग काढला. मग एकेक कप्पा पुसून ओट्यावर असा ओळीनं लावला की आईला बोट ठेवायला जागा उरली नाही. मागच्या भिंतीत तळाशी एक बारीक भोक असतं, आतलं पाणी तिथून खालच्या ट्रेमध्ये उतरतं, ते बुजलंय, असं तिनं सांगितलं. साधं सांगितलं, शहाणपण मिरवलं नाही. धाकट्याच्या हातात तिनं टॉर्च दिला.

"भोकावर धरा... माझ्यावर नको."

"भोकावरच आहे."

"मग माझ्या डोळ्यांत काय चमकतंय?"

टॉर्च गपकन खाली झाला. मुलीनं भोकात तार फिरवली, पिचकारीनं कोमट पाणी सोडलं, मग दोघंही फ्रिजच्या मागे वाकून, कान लावून बसली. टप्... टप्... ट्रेमध्ये थेंब पडू लागले. "आलं," ती इतक्या हळू म्हणाली, जणू कोणाला झोपेतून उठवायचं नव्हतं. धाकटा थेंबांकडे बघतच नव्हता. आईनं ते पाहिलं आणि उगाच डबे सारखे करत राहिली.

आठ दिवसांत पाणी पुन्हा साचलं. मुलगी पुन्हा आली, गोंधळली, तार आरपार ढकलून पुन्हा भोक मोकळं केलं. तिच्या कोटाची बाही सारखी पाण्यात बुडत होती. धाकट्यानं कोट मागून घेतला, बाही दोन बोटं आखूड करून परत दिली, आणि टाका कुठे घातलाय ते तिला शोधूनही सापडेना. ती त्या बाहीवर कितीतरी वेळ अंगठा फिरवत होती. तोपर्यंत आई मात्र तापली होती. मुलगी गेल्यावर तिनं दुकानाच्या मालकाला फोन लावला आणि झाडलं, की तुमच्या त्या पोरीला काम येत नाही.

तिसऱ्यांदा पाणी साचलं तेव्हा मुलगी हसत आली नाही. तार आत घातली, हळूच ओढली, आणि टोकाला गुंडाळून आली एक ओली चिंधी. निळ्या अस्तराची. तसलाच निळा ढीग खिडकीपाशी, धाकट्याच्या मशीनवर पडला होता.

मुलीनं ती चिंधी तळहातावर पसरली. "हे आत कसं गेलं?"

 धाकटा मान खाली घालून म्हणाला, "मीच घातली. दोन्ही वेळा. तुम्ही... पुन्हा यावं म्हणून."

आईला वाटलं, आता ही लाजेल. ती लाजली नाही. ती म्हणाली, लोकांच्या घरी एकटीनं काम करायला मिळावं म्हणून मला पाच वर्षं झगडावं लागलं. एकाच घरी तीनदा जावं लागलं, वर काकूंचा फोन. उद्यापासून मालक मला काउंटरवर बसवणार आहेत. एवढं सांगून तिनं सगळे कप्पे जागेवर लावले, खालची फरशीसुद्धा पुसली आणि निघून गेली. एवढ्या रागातही काम अर्धवट टाकलं नाही, हे आईच्या काळजात रुतलं.

आईनं बोललेला शब्द जन्मात मागे घेतला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चपला घातल्या आणि धाकट्याला पुढे घालून दुकान गाठलं. मुलगी काउंटरमागे बल्ब तपासत होती. चार गिऱ्हाइकांसमोर धाकट्यानं मालकाला सगळं सांगितलं, चिंधीसकट. एक शब्द गाळला नाही. मग आई म्हणाली, माझी तक्रार खोटी होती, या पोरीसारखा हात मी पाहिला नाही, माझ्या घरी यापुढे हीच येईल. मालक आधी संतापला, मग गिऱ्हाइकं हसायला लागली तसं त्यालाही हसू आवरेना. त्यानं मुलीची पिशवी उचलून काउंटरवर ठेवली आणि दिवसभराच्या पत्त्यांची यादी तिच्या पुढ्यात सरकवली.

मुलीनं पिशवी खांद्याला लावली. धाकट्यासमोरून जाताना थांबली.

"मला बोलवायचं होतं, तर बोलवायचं. दुकान सातला बंद होतं."

"मग आज... सातला?"

"विचारताय की सांगताय?"

"विचारतोय," तो म्हणाला. कान लाल झाले होते.

"विचार करीन," ती म्हणाली, पण ओठांचा एक कोपरा काही तिचं ऐकेना.

आई मध्ये आली. धाकट्याची कॉलर सरळ केली आणि मुलीला ऐकू जाईल अशा बेतानं, सगळ्या दुकानासमोर म्हणाली, "लबाड आहेस, आणि भित्रा त्याहून. तुझी अक्कल आयुष्यात एकदाच चालली, ती ही मुलगी आवडली तेव्हा. ही हो म्हणाली तर तुझं नशीब, नाही म्हणाली तर मी हिच्या बाजूनं आहे."