सेवकाच्या घरचा नंबर

लहानूनं मायची दोन लुगडी घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवली, त्यांवर तिचा चष्मा ठेवला आणि सांगितलं, की अकराची बस धरायची आहे. अंजनाबाई चुलीपुढून हलली नाही. दारातून तिला अंगणातला मोह दिसत होता, आणि मोहाच्या फांदीला टांगलेलं, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं मडकं. त्या मडक्यात तिचा नवरा होता... राख घरात आणायची नसते, म्हणून सोमाजी दहा दिवस आपल्याच घराबाहेर लटकून होता. पण त्यात नवल ते काय! चाळीस वर्षं तो बाहेरच तर होता.

धानोऱ्याच्या पलीकडं, जंगल जिथं दाट होत जातं तिथं त्यांचं गाव, आणि गावाच्या शिवेवर प्रार्थना मंडळाचा आश्रम. सोमाजी त्या आश्रमाचा सेवक. पहाटे चारला उठून तो आश्रमाचं अंगण झाडी, कावडीनं पाणी भरी, महारोग्यांच्या जखमा आपल्या हातानं धुई, उत्सवात चारचारशे माणसांचं रांधी. घरची धानाची बांधी अंजनाबाईनं रोवली, तेंदूपत्ता तिनं तोडला, मोहफुलं तिनं वेचली, दोन लेकरं तिनं वाढवली. लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, की देवमाणूस मिळाला. देवमाणसाच्या बायकोला माणूस मिळत नाही, हे कळायला तिला पुढं फार वर्षं लागली नाहीत.

तो गेला तोही आश्रमाच्याच रांधणीत, तांदूळ निवडताना. नऊ दिवस लोक येत राहिले. कोणाला त्यानं खाटेवर घालून खांद्यावरून दवाखान्यात नेलं होतं, कोणाची दारू सोडवली होती. पलीकडच्या वस्तीवरचा म्हातारा पोचू तर रोज येऊन मोहाखाली बसे. त्यानं एकदा सगळ्यांना हसवलंही. म्हणाला, "भाऊच्या वरनात मीठ कधी गवसलं नाई, पन वाढाचा हात असा का नाई म्हनाची सोय नोती." बाया पदर तोंडाला लावून हसल्या. अंजनाबाईही हसली आणि मनात म्हणाली, तुम्हा सगळ्यांना तो आठवतो तरी... माझ्या वाट्याला त्याचे धुवायचे कपडे आले.

मंडळात तेरवी नव्हती. दहाव्या दिवशी सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची, आणि माणसाची राख त्याच्या मुलानं आपल्या हातांनी आश्रमाच्या शेतात मातीत मिळवायची, अशी रीत. आश्रमाचे वडीलधारे भैयाजी आदल्या दिवशी तेच सांगायला आले होते. लहानू त्यांच्या पाया पडला, पण त्याचं बोलणं दगडासारखं आलं.

"ज्यानं मायी बहीन लायनीत उभी ठेवून मारली, त्याची राख मी हातात घेत नाई, भैयाजी. मी मायले न्याले आलो."

 भैयाजी जाताना एवढंच म्हणाले, की मग आश्रमातला एखादा सेवक करील. अंजनाबाईनं ते ऐकलं. चाळीस वर्षं परक्यांच्या हाती दिलेला माणूस शेवटीही परक्याच्याच हाती जाणार... लेकाला त्या मडक्यापाशी आणील अशी एकच गोष्ट जगात होती, आणि ती तिला ठाऊक होती. पण ती सांगितली, की लेक तिचा राहणार नव्हता.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची, पंचाहत्तरच्या सालची. पोळा होऊन गेला होता, घरोघरी हिवताप होता, आणि आश्रमात नागपूरच्या डॉक्टरांचं शिबिर लागलं होतं. आश्रमात एक नियम फार अभिमानानं पाळला जाई : सेवकाच्या घरचा नंबर शेवटी. पंगत असो, कपडे वाटप असो की औषध असो, सेवकाच्या बायकापोरांनी सगळ्यांच्या मागं उभं राहायचं. आदल्या साली अंजनाबाई लुगड्यांच्या वाटपात नकळत पुढं उभी राहिली, तर शेजारची रुखमाबाई सगळ्यांदेखत म्हणाली होती, "सेवकाची बायको ना, पयला हात तिचाच." ते बोलणं तिच्या मनात काट्यासारखं मोडून राहिलं होतं.

नऊ वर्षांची गुलाब तापानं फणफणली होती. तिला खांद्यावर घेऊन अंजनाबाई रांगेच्या अगदी शेवटी उभी राहिली. ऊन चढलं. रांधणीतून सोमाजी धावत आला, त्यानं पोरीच्या कपाळाला हात लावला आणि त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, नियम राहू दे, पुढं चाल, मी डॉक्टरला सांगतो. अंजनाबाईनं रांगेतल्या बायांकडं पाहिलं. रुखमाबाई त्यांच्यातच उभी होती. आणि तिनं, सख्ख्या आईनं, मान हलवली.

"सात जन तं हायेत पुढं. लोकाइचे बोल मले आयकाचे नाई. तुमी जा, तुमचा भात लागन."

सोमाजी घुटमळला... आणि गेला.

तीन माणसं राहिली असताना गुलाबचे डोळे फिरले. ताप मेंदूत गेला होता. डॉक्टर स्वतः उठून आले, तिला मंडळाच्या जीपमध्ये घालून गडचिरोलीला निघाले, पण पोर वाटेतच गेली.

धानोऱ्याच्या वसतिगृहातून पंधरा वर्षांचा लहानू रडत आला. बहिणीला पाहून त्यानं विचारलं, हिला लायनीत कोणी उभं ठेवलं? अंजनाबाईनं तोंड उघडलं होतं. पण तिच्या आधी सोमाजी बोलला.

"मी."

बस, एक शब्द. लहानू त्याच आठवड्यात माजरीला मामाकडं निघून गेला, पुढं तिथंच कोळशाच्या खाणीत लागला. नंतर सोमाजी तिला म्हणाला होता, "त्याले एक तं रायलं पायजे, अंजना. माय राहू दे." आणि ती राहिली. दर दिवाळीला लेक तिच्यासाठी लुगडं घेऊन येई, तिच्या मांडीवर डोकं ठेवून निजे, आणि तिला ते सुख जहरासारखं गोड लागे...

"माय, बस निंगून जाईन," लहानू म्हणाला.

अंजनाबाई उठली. अंगणात पोचू बसला होता. त्याच्यासमोर, मोहाखाली जाऊन ती उभी राहिली.

"लहानू, इथी ये. तुया बाबानं गुलाबले लायनीत नाई ठेवलं. ते पुढं न्याले आलते. मी नाई म्हटलं."

लहानू आधी हसला. तो म्हणाला, "मेल्यावर बी त्यायचा दोष आपल्या डोक्शावर घेतं का? तू बी आश्रमाचीच झाली, माय."

"पोचूले विचार. तो मायाच पुढं उभा होता."

लहानूनं पोचूकडं पाहिलं. म्हाताऱ्यानं मान खाली घातली आणि मातीवर बोटानं रेघा ओढत राहिला.  लहानू मायकडं वळला.

"अकरा वर्सं... तू चूप रायली?"

"तुया बाबानंच सांगतलं होतं, का बोलू नोको. पन त्यायच्या सांगन्यानं नाई रायली मी चूप. तू मांडीवर डोकं ठेवत होता, म्हनून रायली."

ती खरं तेच बोलली. त्याहून थोडं कमी बोलली असती, थोडी रडली असती, तर कदाचित त्यानं तिला जवळ घेतलं असतं. पण या माणसाच्या राखेपुढं आता आणखी काही झाकून ठेवायची तिची हिंमत नव्हती.  लहानूनं टाचा उंचावून मडकं फांदीवरून सोडवलं आणि तान्ह्या लेकराला धरावं तसं छातीशी धरून आश्रमाच्या वाटेला लागला. मायकडं त्यानं वळून पाहिलं नाही. ती मागून चालत गेली.

आश्रमाच्या शेतात तीनचारशे माणसं जमली होती. प्रार्थना झाली. लहानूनं राख हातांनी मातीत मिळवली, एकेक मूठ, बोटांनी माती सारखी करत. भैयाजींनी त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा अंजनाबाईनं डोळे मिटून घेतले. आता सगळ्या गावासमोर तो तिचं नाव घेईल, आणि घ्यावंच, असं तिला वाटलं.

"मी बाबाले एकदा एक गोस्ट विचारली होती," लहानू म्हणाला. "ते खोटं बोलले. मी खरं समजलो." एवढं बोलून तो खाली बसला. लोक एकमेकांकडं पाहत राहिले.

लोक पांगले, पत्रावळी उचलल्या गेल्या, तेव्हा तो तिच्यापासून हातभर अंतर ठेवून बांधावर येऊन बसला. नव्यानं उकरलेल्या मातीकडं पाहत त्यानं विचारलं, "जेवत कवा होते ते?" तिनं सांगितलं, सगळ्यांचं झाल्यावर, बहुतेक उभ्यानंच. रागावत होते का, त्यानं विचारलं. कधी नाही, तिनं सांगितलं. 

"दिवाईले मी येत होतो, तवा सनाच्या दिवशी बी आश्रमातच जात होते. लेकाचं तोंड पाहाव नाई वाटे का त्यायले?"

अंजनाबाईनं पदर सावरला.

"आश्रमात नाई जात होते, बाबू. मांगच्या कोठ्यात बसत, बैलाजवळ. तुया आवाज आयकत. तू निंगाचा, तवा बाहीर येत."

लहानूचा चेहरा दोन्ही मातकट हातांत गेला. त्याचे खांदे हलत राहिले. तिचा हात उचलला गेला, त्याच्या पाठीपर्यंत पोहोचला आणि तसाच मागं आला. तो हात ठेवायचा हक्क आपण सकाळीच देऊन टाकला, हे तिला आठवलं.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले. तिच्याकडं न पाहताच तो म्हणाला, "अजून सांग."

तो 'माय' म्हणाला नाही. अंजनाबाई सांगू लागली.