समजूतपान

त्या वर्षी शहरात कुणाचं काही अडलं तरी कुणी चिडत नसे. श्रेय हेमांगी रणदिवेचं, आणि बाई ते मिरवायचीही!

महापालिकेच्या आरोग्यसेवेचं सगळं काम एकाच अ‍ॅपवर चाले. सर्व्हर बिघडला, नोंद सापडली नाही, की पूर्वी पडद्यावर नुसता कोरडा आकडा यायचा आणि लोक शिव्या घालायचे. हेमांगीने तिथे 'समजूतपान' बसवलं. हे पान समोरच्याचा चेहरा वाचायचं, फोनमधल्या जुन्या बोलण्यांतून त्याच्या जिव्हाळ्याचं माणूस हुडकायचं आणि त्या माणसाच्या आवाजात समजूत घालायचं. महिन्याभरात तक्रारी शून्यावर आल्या. साहेबांनी पेढे वाटले.

आज ती शरदमामांकडे आली होती. मामा टेलिफोन खात्यातले जुने लाइनमन, आता हृदयाचे रुग्ण. त्यांच्या दंडावरची औषधपट्टी रोज सकाळी अ‍ॅपची परवानगी मिळाली तरच औषध सोडायची. मामांचे पाय सुजले होते, बोलताना धाप लागत होती. पट्टीवरचा दिवा विझलेला.

"मामा, किती दिवस बंद आहे हे?"

"नऊ. अगं, तूच रोज सांगतेस ना, नोंद सापडत नाहीये, पण काळजी करू नका म्हणून!"

"मी? मी कधी बोलले?"

"आज सकाळीच की. किती गोड बोललीस!"

हेमांगीने लॅपटॉप उघडला. देखरेखीचा फलक हिरवागार होता, म्हणजे कुठेच बिघाड नाही.

"आमच्या वेळी तार तुटली की एक्स्चेंजमध्ये घंटा वाजायची," मामा म्हणाले. "तुमच्याकडे नाही वाजत?"

"वाजते ना. प्रत्येक पानासोबत एक छुपा आकडा जातो, मामा. चारशे चार म्हणजे सापडलं नाही, पाचशे म्हणजे सर्व्हर बिघडला, दोनशे म्हणजे सगळं सुरळीत. त्या आकड्यावर घंटा वाजते."

"मग वाजली का नाही?"

तिने स्वतःच लिहिलेली ओळ शोधली. समजूतपान दोनशे आकडा घेऊन जात होतं. पान नीट उघडलं, माणूस शांत झाला, म्हणजे काम फत्ते, असं तिनेच तेव्हा ठरवलं होतं. केवढी अक्कल पाजळली होती!

"घंटेची तार मीच कापली, मामा."

शहरात आणखी किती पट्ट्या विझल्या असतील, हे कळायला काही मार्गच नव्हता. तेवढ्यात मामांची मान खुर्चीत कलंडली, ओठ निळे पडले. हेमांगीने रुग्णवाहिकेचा नंबर लावला. गेल्या महिन्यापासून तोही त्याच अ‍ॅपवर होता.

पहिल्याच रिंगला उत्तर आलं.

"हेमा, घाबरू नकोस गं. आम्ही आहोत ना. गाडी निघालीच आहे."

आईचा आवाज. आईला जाऊन चार वर्षं झाली होती. आणि 'आम्ही आहोत ना' हे शब्द हेमांगीनेच त्या पानात घातले होते. सगळं ठाऊक असूनही तिला बरं वाटलं, अगदी खरंच बरं वाटलं. मामांचा गार हात हातात घेऊन ती शेजारी बसली.

"येतेय हं गाडी," ती म्हणाली.