दहा मिनिटांनी उठव

ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं आणि घरी जावं. मी शाळा फारशी पाहिली नाही, पण थापा मारायची सवयही नाही मला. हे आपल्या गुलवेन केर्ब्राचं झालेलं आहे. छपरांवर दगडी पाट्या बसवणारा, तोच. तुमच्यातल्या निम्म्या घरांची छपरं त्यानेच शाकारली आहेत.

चार वर्षांनी एकदा सायकलवाल्यांची ती जत्रा आपल्या दारावरून जाते. पॅरिसहून निघायचं, ब्रेस्टला समुद्राला शिवायचं, परत पॅरिस. बाराशे किलोमीटर, नव्वद तासांत. बक्षीस शून्य. गाढवं आहेत सगळी. तरी आपण दाराशी टेबल मांडतो आणि गाढवांना सूप पाजतो.

गुलवेन दोनदा अर्ध्यात सोडून बसला होता. बायकोने बजावलं होतं, तिसऱ्यांदा गाडीत घालून आणावं लागलं तर सायकल भंगारात. गुडघे गेलेले. ही शेवटची खेप, हे त्यालाही कळत होतं.

मागच्या खेपेचा तो मंगळवार. ऑगस्ट असून बोचरी थंडी, बारीक पाऊस. रात्री अकराच्या सुमारास तो ब्रेस्टहून परतताना आमच्या टेबलाशी थांबला. रविवारपासून पाठ टेकलेली नाही. चमचा तोंडाऐवजी गालाला लावत होता. मी म्हटलं, मेल्या, आत जाऊन पड जरा. तर म्हणे, पुढच्या कारे गावची चौकी पहाटे बंद होते, तिथला शिक्का हुकला की संपलं. आमच्या बायकोला, सोआझला, त्यातही आपलंच काम सुचलं. डोंगरापलीकडे तिच्या बहिणीच्या, माईच्या टेबलावरचं लोणी संपलं होतं. तिने अर्धा किलो लोणी त्याच्या पिशवीत कोंबलं. जातोच आहेस तर देऊन जा, म्हणाली.

तो गेला. पुढचं त्याने मला नंतर गाडीत सांगितलं, ते सांगतो.

डोंगरावर माळ आहे नुसता. घर नाही, झाड नाही. पायडल मारता मारताच त्याला झोप लागली आणि जाग आली तेव्हा चाक गवतात होतं. तेवढ्यात शेजारी कुणीतरी आलं. उंच माणूस, जुन्या पद्धतीचा लोकरी सदरा, सायकलला दिवा नाही. या लोकांचा एक रिवाज आहे, पेंगणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, बोलत राहायचं. तो बोलत राहिला. पाट्या कुठल्या खाणीच्या, खिळे कसले, सगळं विचारलं. गुलवेन जागा राहिला. माथा गाठला.

माथ्यावर तो उंच माणूस उतरला.

"आता मी पडतो," म्हणाला. "दहा मिनिटांनी उठव."

गुलवेन हो म्हणाला. आणि हो म्हटल्यावर उठवल्याशिवाय जायचं नाही, हाही यांचा रिवाज. तो गवतात पडला. गुलवेन घड्याळ धरून बसला.

दहा मिनिटं झाली. अहो, उठा, म्हणाला.

हालचाल नाही.

खांदा हलवला. ओली लोकर... आणि आत गार. नाकाशी कान नेला.

काही नाही.

मागून एक सायकलवाला आला, वेग कमी केला, बरं आहे ना, विचारलं. गुलवेन म्हणाला, हा उठत नाही.

"कोण?"

गुलवेनने बोट दाखवलं. त्याने पाहिलं. पायडल जोरात मारत निघून गेला.

मग मागून कुणी आलंच नाही.

चौकीची वेळ जवळ येत होती. आपण गेलो तर कुणाला कळणार आहे... गुलवेन उठला. सायकलीला हात लावला.

"गेल्या वेळचाही असाच गेला."

वळून पाहिलं. डोळे मिटलेले. ओठ मिटलेले.

गुलवेन परत बसला. तरी झोप येत होती. मान खाली गेली...

"झोपू नकोस. तू झोपलास तर मला कोण उठवणार?"

पहाटे, उजाडायच्या आधी माईचा फोन आला, लोणी पोहोचलं नाही म्हणून. मी गाडी काढली. माथ्यावर दिव्यात गुलवेन दिसला. गुडघ्यांवर बसलेला. दोन्ही हातांनी गवतावर काहीतरी हलवत होता. घसा बसलेला. पुढ्यात कुणी नाही.

मी हाक मारली. त्याचे हात थांबले.

"उठला," म्हणाला.

कोण, म्हटलं.

"उठला... बरं केलंस म्हणाला... गेला."

उताराकडे बघत होता. मीही पाहिलं. रस्ता मोकळा.

चौकी तोवर बंद झाली होती. त्याची सायकल मीच गाडीत मागे टाकली. तो रडला नाही, चिडला नाही. मला विचाराल तर एवढा शांत मी त्याला कधी पाहिला नव्हता.

गाडीचं दार लावताना माझी नजर गवतावर गेली. रात्रभर पाऊस. माझे बूट चिखलात फसत होते, गुलवेन नखशिखांत भिजलेला. आणि तो बसला होता त्याच्या शेजारी गवत दबलेलं. लांबच लांब. गुलवेन आडवा झाला असता तरी वर हातभर उरलं असतं.

कोरडं होतं.

मी वाकून हात लावला.

गरम होतं.