तात्यांच्या विटा, अण्णांची खिडकी

दोन विटा होत्या. दोन्ही लाल, दोन्ही एकाच मापाच्या. दुर्वाने एकेका हातात एकेक धरून पाहिली, तर वजनालाही सारख्याच. तरीही धूरमापी त्यांच्याबद्दल वेगवेगळं सांगत होता. नव्या विटेवर धरला की आकडा यायचा पाचशे ग्रॅम, आणि जुन्या विटेवर धरला की फक्त बारा.

धूरमापी म्हणजे एखादी वस्तू वापरली तर त्यापायी हवेत किती कार्बन डाय-ऑक्साइड (पृथ्वीला तापवणारा वायू) जाईल, ते सांगणारं यंत्र. ग्रामपंचायतीने बांधकाम काढणाऱ्या प्रत्येक घराला एकेक दिलेलं. वस्तूचा फोटो काढायचा, ती कुठून आणली ते सांगायचं, की ते तिची सगळी कुळकथा शोधून आकडा दाखवायचं.

"बिघडलंय हे," दुर्वा म्हणाली आणि तिने त्याला दोन चापट्या मारल्या. बिघडलेल्या यंत्राला चापट्या मारायची पद्धत आमणेवाडीत पूर्वापार चालत आली होती. पण आकडा पुन्हा बाराच आला.

"यंत्र शहाणं आहे," जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेले अण्णा म्हणाले. "तूच जरा डोकं चालव."

अण्णा म्हणजे दुर्वाचे आजोबा. त्यांनी चाळीस वर्षं एका प्रयोगशाळेत सिमेंट, चुना, विटा यांची ताकद तपासली होती. आता त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांची ताकद संपली होती. डॉक्टरांनी जिना बंद म्हणून सांगितलं होतं आणि त्यांची खोली तर वरच्या मजल्यावर. खाली स्वयंपाकघर सोडलं तर सगळा बाबांचा जनावरांचा दवाखाना. गाईम्हशींच्या रांगेत अण्णांना झोपवायचं कसं?

मग ठरलं की अंगणात अण्णांसाठी एक खोली बांधायची. ती झाली नाही तर दिवाळीनंतर अण्णा साताऱ्याच्या ज्येष्ठ निवासात जाणार होते. त्यांनी स्वतःच तिथे नाव नोंदवून टाकलं होतं. "मला कुणावर भार व्हायचं नाही," असं ते म्हणायचे आणि विषय बंद. दुर्वाला मात्र त्या वाक्याचा मनापासून राग यायचा. अण्णा गेले तर रोज संध्याकाळी तिने भांडायचं कुणाशी?

अडचण एवढीच होती की आता कुणालाही मनाला येईल तसं बांधता येत नव्हतं. प्रत्येक घराला धुराची मुभा ठरलेली होती. दुर्वाच्या घराला मिळाली होती चारशे किलोची. पाया, चुना, नळ, वायरी यांतच साडेतीनशे जाणार होते. विटांसाठी उरले पन्नास. खोलीला विटा लागणार तीन हजार, आणि नव्या आणल्या तर त्यांचाच धूर दीड हजार किलो! अर्ज शनिवारपर्यंत द्यायचा होता आणि आज मंगळवार.

"सांगा ना अण्णा. दोन्ही विटा सारख्याच आहेत ना?"

"आहेत. पण वीट बनते कशी?"

"मातीची. साच्यात घालून."

"ती झाली कच्ची वीट. पावसात ठेवलीस तर चिखल होईल. मग?"

"मग भट्टीत भाजतात."

"हां! दिवसचे दिवस भट्टी धगधगत ठेवायची. कोळसा जळतो, भुसा जळतो, धूर होतो. त्या आगीने माती अशी काही बदलते, की पुन्हा चिखल व्हायचं नावच काढत नाही. म्हणजे वीट हातात घेतलीस की तू नुसती माती उचलत नाहीस, तिच्यासाठी खर्च झालेली आगही उचलतेस. आम्ही तिला अंतर्भूत ऊर्जा म्हणतो (वस्तू बनवताना तिच्यापायी खर्ची पडलेली सगळी ऊर्जा)."

"पण जुनी वीटही भाजलीच होती की!"

"भाजली होती. माझ्या वडिलांच्या लहानपणी. तो धूर तेव्हाच हवेत गेला, तो काही आता परत आणता येत नाही. पण ती वीट पुन्हा वापरली, तर एक नवी वीट भाजावी लागत नाही. यंत्र विचारतं, आजपासून पुढे किती धूर होणार? जुन्या विटेला नुसतं काढायचं, घासायचं आणि इथवर आणायचं. त्याचे बारा ग्रॅम."

दुर्वाने मनातल्या मनात गुणाकार केला. तीन हजार गुणिले बारा, म्हणजे छत्तीस किलो. पन्नासाच्या आत!

"पण एवढ्या जुन्या विटा मिळणार कुठे?"

अण्णांनी काठीने अंगणापलीकडे खूण केली. तिथे त्यांच्या वडिलांचं, म्हणजे तात्यांचं बंद पडलेलं गुऱ्हाळ उभं होतं. एके काळी तिथे उसाचा रस आटवून गूळ व्हायचा. आता तिथे फक्त मांजरी व्यायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकल्या आला. तो होता ग्रामपंचायतीच्या जुन्या वस्तूंच्या भांडाराचा यंत्रमानव. उंची दुर्वाएवढीच, हात चार आणि बोलणं अतिशय अदबीचं. पाडणं हा शब्द त्याला आवडायचा नाही. "मी घर पाडत नाही, उकलतो," असं तो सगळ्यांना सांगायचा.

अण्णांना बाबांनी पाठीवर घेऊन खाली आणलं आणि खुर्चीत बसवलं. उकल्याने पहिल्या भिंतीवर हलकेच ठोकलं आणि वीट अलगद सुटून आली, डब्यातून लाडू उचलावा तशी. दुर्वाने तिच्यावरचा पांढरा थर खरवडला. तो भुरभुर गळून पडला.

"हा चुना," अण्णा म्हणाले. "चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ असतो. भिंतीला ताण आला तर तडा सांध्याला जातो, वीट वाचते. काढतानाही तसंच. सांधा सुटतो, वीट शाबूत राहते."

मग दुर्वाला काम मिळालं. दोन विटा एकमेकींवर आपटायच्या. खणखण वाजल्या तर चांगल्या, भद्द वाजल्या तर बाजूला ठेवायच्या. उकल्याचा कान तिच्यापेक्षा तिखट होता, पण तो मुद्दाम तिला आधी बोलू द्यायचा. शुक्रवारी दुपारपर्यंत तीन भिंती उकलून झाल्या. चांगल्या विटा भरल्या दोन हजार सहाशे सत्तर.

"आता फक्त तीनशे तीस!" दुर्वा ओरडली. "आणि एक अख्खी भिंत बाकी आहे!"

उरली होती उत्तरेची भिंत. उकल्याने हलकेच ठोकलं. काही झालं नाही. जरा जोरात ठोकलं, तर वीट मधोमध फुटली.

"क्षमस्व," उकल्या म्हणाला. दुसरी वीट फुटली. "क्षमस्व." तिसरी फुटली.

तेरावं क्षमस्व झाल्यावर अण्णा एकदम म्हणाले, "पुरे. थांब बाबा आता."

त्यांचा चेहरा उतरला होता. दुर्वा त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली.

"ही भिंत पुरात पडली होती," ते हळूच म्हणाले. "मी तेव्हा नुकताच शिकून आलो होतो. तात्या चुन्यात बांधायला निघाले. मी त्यांना हसलो. म्हटलं, चुना गेला आता. मी घट्ट सिमेंटचा माल कालवून देतो, शंभर वर्षं हलणार नाही."

"आणि हलली नाही," दुर्वा म्हणाली.

"नाही ना हलली! तेच तर. सिमेंट या गावठी विटेपेक्षा टणक. त्याने विटेला असं काही धरलं, की सोडवायला जावं तर वीटच तुटते. तात्या तेव्हा एवढंच म्हणाले होते, अरे, विटेला धरायचं असतं, आवळायचं नसतं. मला वाटलं, अडाणी माणूस, याला काय कळतं." अण्णांनी चष्मा काढून पुसला. "त्यांच्यासमोर मी कधी चूक कबूल केली नाही. आता माझ्याच खोलीला त्या विटा कमी पडल्या. बरं झालं. जातो मी साताऱ्याला."

दुर्वाने उकल्याला विचारलं, "भांडारात मिळतील ना विटा?"

"भांडारात जुनी वीट शिल्लक नाही. सगळ्या शाळेच्या बांधकामाला गेल्या," उकल्या म्हणाला. "आणि उरलेल्या मुभेत नव्या विटा फक्त पस्तीस बसतात. क्षमस्व."

त्या दिवशी दुर्वा जेवायला आली नाही. खोलीचा नकाशा घेऊन ती विटांच्या ढिगावर बसून राहिली. तीनशे तीस. अण्णांनी मागे सांगितलं होतं, या जाडीच्या एक चौरस मीटर भिंतीला एकशेदहा विटा लागतात. तीनशे तीसला एकशेदहाने भागलं, तर तीन. म्हणजे तीन चौरस मीटर भिंत कमी पडत होती. दोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच, एवढंच काय ते भोक!

ती उठून गुऱ्हाळाकडे पळाली. तीन भिंती गेल्या होत्या, पण ज्यातून उसाच्या गाड्या आत यायच्या, तो मोठा दोन झडपांचा दरवाजा जमिनीवर आडवा ठेवलेला होता. तिने पावलांनी मापला. रुंदी बरोबर दोन मीटर.

"अण्णा!" ती धापा टाकत आली. "विटा कमी पडत नाहीत. भिंत जास्त आहे!"

"म्हणजे?"

"तीन चौरस मीटर भिंत बांधायचीच नाही. तिथे खिडकी करायची. गुऱ्हाळाच्या दाराच्या फळ्या कापून झडपा होतील. वर आधाराला छपराची जुनी तुळई. नवं काहीच नको!"

अण्णांनी नकाशा जवळ ओढला. मग त्यांनी पेन्सिल मागितली.

"पश्चिमेला नको, दुपारी खोलीची भट्टी होईल," ते पुटपुटले. "उत्तरेला घे. उत्तरेचा उजेड थंड असतो." आणि एकदम मान वर करून म्हणाले, "उकल्या, ती भिंत सगळी उतरव, पण फुटक्या विटा फेकू नकोस! त्यांची सुरखी कर."

"सुरखी म्हणजे?" दुर्वाने विचारलं.

"भाजलेल्या विटेचा बारीक चुरा. चुन्यात मिसळला की सांधा ओल्यातही नीट धरतो. सिमेंट लागतच नाही. आणि चुना सुकताना हवेतला थोडा कार्बन डाय-ऑक्साइड परत शोषून घेतो. हे मी पुस्तकात वाचलं. तात्या मात्र न वाचताच वापरायचे."

शनिवारी दुर्वा स्वतः अर्ज घेऊन ग्रामपंचायतीत गेली. धूरमापीवर एकूण आकडा आला तीनशे पंच्याण्णव. कारकुनाने तो दोनदा तपासला, यंत्राला एक चापटीही मारून पाहिली, आणि मग शिक्का मारला.

खोली दिवाळीच्या दोन दिवस आधी उभी राहिली. अण्णांनी खुर्चीत बसून चुना कसा मळायचा ते सांगितलं, उकल्याने थर रचले, आणि ओळंबा धरून भिंत सरळ आहे की नाही ते दुर्वाने पाहिलं. ज्येष्ठ निवासाला अण्णांनी फोन केला, तेव्हा दुर्वा मुद्दाम दाराशी उभी राहून ऐकत होती. "माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या," ते म्हणाले, "मला इथे जरा काम निघालंय."

शेवटचा थर बाकी असताना उकल्याने विचारलं, "अण्णासाहेब, ही खोली पुन्हा कधी उकलायची झाली, तर कशी उकलायची? नोंद करतो."

"आत्ताच?" दुर्वाला ते जरा अभद्रच वाटलं.

"आत्ताच," अण्णा हसून म्हणाले. "बांधतानाच उकलण्याचा विचार करायचा, हेच तर मला शिकायला साठ वर्षं लागली. कधीतरी माझी गरज संपेल, दुर्वा. विटांची संपणार नाही. कुणाला तरी यांतून शाळा बांधायची असेल, कुणाला गोठा." त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. "यंत्राची नोंद यंत्रापाशी. तू हाताने लिही. डब्यात घालून भिंतीत ठेवू."

दुर्वाने लिहिलं: *या विटा दुसऱ्यांदा वापरल्या आहेत. सांधा चुन्याचा आहे. हलकेच ठोका, सुटतील. तिसऱ्यांदा वापरा.*

"खाली नाव कुणाचं घालू? तुमचं?"

अण्णा खिडकीतून बाहेर पाहत होते. जिथे त्यांनी बांधलेली ती पक्की भिंत होती, तिथे आता मोकळी जमीन होती आणि तिच्यापलीकडे हिरवागार ऊस.

"तात्यांचं घाल," ते म्हणाले. "आणि त्याखाली लिही, मुलाला उशिरा पटलं."